लकडी पुलाची कहाणी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती असतात, कविता असतात, वर्षभराच्या कार्यक्रमांचा वृत्तान्त असतो. त्यांच्या जोडीला इतिहासाचेही एखादे पान असावे, म्हणून हा लेख. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि सनावळ्या येतात. परंतु इतिहास विहिरीत असतो, घाटाच्या पायऱ्यांत असतो, तसाच तो पुलातही असतो. पुण्याच्या मुठा नदीवर जो ‘लकडी पूल’ आहे त्याची हकीकत मी आज सांगणार आहे. आपल्या भागातली कितीतरी मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात असतात, आणि त्यांच्याकडे गेलेल्या आयाबहिणी हा पूल ओलांडून येतात. शनिवारवाडा पाहायचा, पर्वती चढायची, सारसबागेतल्या गणपतीला नमस्कार करायचा, असा पुण्याचा ठरलेला कार्यक्रम असतो. पूल पाहायला मात्र कोणी जात नाही. त्याच्यावरून जायचे, एवढेच त्याचे आपल्याशी नाते.

ह्या पुलाची पहिली गंमत त्याच्या नावातच आहे. नाव लकडी पूल, आणि पूल पाहावा तर दगडी कमानींचा! सरकारदरबारी त्याचे नाव छत्रपती संभाजी पूल असे आहे. परंतु रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला किंवा शाळेतल्या पोराला विचारा. तो ‘लकडी पूल’ असेच म्हणतो. लाकूड जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी लोकांच्या तोंडून ते गेले नाही. असे का झाले ते समजून घ्यायचे तर आपल्याला थेट १७६१ सालापर्यंत मागे जावे लागते.

१७६१ हे साल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, पानिपतावर मराठ्यांची आणि अहमदशहा अब्दालीची घनघोर लढाई झाली. त्या एका दिवसात सदाशिवरावभाऊ गेले, पेशव्यांचे वडील चिरंजीव विश्वासराव गेले, आणि किती घरांतले कर्ते पुरुष गेले त्याला गणती नाही. त्या वेळी गादीवर नानासाहेब पेशवे होते. ते कुमक घेऊन स्वतः उत्तरेकडे निघाले होते. वाटेत माळव्यात असतानाच त्यांना ही बातमी समजली. एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून ती आली, आणि त्या पत्रात मेलेल्या माणसांचा हिशेब मोती-मोहरांच्या भाषेत मांडलेला होता, असे इतिहासकार सांगतात. पोटचा मुलगा आणि पाठचा वाटावा असा चुलतभाऊ एकाच दिवशी गेलेला. नानासाहेब खचून पुण्याला परतले आणि त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

ह्याच १७६१ सालात, पानिपतानंतर आणि नानासाहेबांच्याच हुकमाने, मुठेवर लाकडाचा पूल उभा राहिला. पानिपताहून परत येणाऱ्या माणसांशी ह्या पुलाचा संबंध पुण्यातले जुने लोक जोडतात. त्या सांगण्यात ऐकीव भाग किती आणि लेखी किती, ह्याचा निवाडा विद्वानांनी करावा. आपल्याला एवढे पुरे की ज्या वर्षी त्या शहरावर आकाश कोसळले त्याच वर्षी त्या शहराने नदीवर पूल बांधला. घरात मोठे दुःख झाल्यावरही संध्याकाळी चूल पेटवावीच लागते. लहान लेकरे उपाशी निजवता येत नाहीत. हे आपण बायका जाणतो. राज्याचेही तसेच असते.

त्या काळचे पुणे आजच्यासारखे दोन्ही काठांवर पसरलेले नव्हते. मूळ गाव मुठेच्या उजव्या तीरावर. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव ह्या सगळ्या पेठा त्याच बाजूला. त्यांतली नारायण पेठ आणि सदाशिव पेठ ह्यांची नावे तर पेशव्यांच्या घरातल्याच माणसांची. पलीकडच्या तीरावर भांबुर्डे नावाचे खेडे, शेते आणि पलीकडे टेकड्या. त्या भांबुर्ड्याचेच आज शिवाजीनगर झाले आहे. मुठा ही सह्याद्रीत उगम पावणारी नदी. उन्हाळ्यात तिच्यातून बैलगाडी सहज पार जाई, परंतु पावसाळ्यात तिला येणारा लोंढा असा की अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. आपल्याकडे नाल्याला पूर आला की वावरात गेलेला गडी तिकडेच अडकून पडतो, अगदी तसे. राजधानीच्या गावाला हे परवडणारे नव्हते.

लाकडाचा पूल बांधायचा तो साधारणपणे असा. नदीच्या पात्रात जाड सोट रोवायचे किंवा दगडी बुंधे करून त्यांवर खांब उभे करायचे, त्यांवर आडव्या तुळया टाकायच्या, आणि तुळयांवर फळ्या ठोकून वाट करायची. काम लवकर होते, कारण लाकूड तोडता येते, वाहता येते, हवे तसे कापता येते. म्हणून निकडीच्या वेळी राजे-महाराजे लाकडाचाच पूल बांधीत. पण लाकडाला दोन वैरी. एक पूर. झाडेझुडपे, ओंडके वाहून येतात आणि खांबांना अडकतात. त्यांच्या मागे पाणी तुंबते आणि सगळा भार पुलावर येतो. दुसरा वैरी म्हणजे ओल आणि ऊन ह्यांची पाळी. जे लाकूड सदा पाण्यात असते ते बरेच टिकते, जे सदा कोरडे असते तेही टिकते. पण जिथे आज पाणी आणि उद्या ऊन, तिथे ते हमखास कुजते. पाटावरवंट्याजवळचा लाकडी पाट आधी कोणत्या बाजूने कुजतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्या वेळच्या पुण्यातली आणखी एक गोष्ट स्त्रियांच्या स्मरणिकेत सांगितलीच पाहिजे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर त्यांच्याबरोबर होत्या. त्या जिवंत परत आल्या. पती गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही आणि कुंकू पुसले नाही. पुढे भाऊसाहेबांच्या नावाने एक तोतयाही उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ साली वारल्या. बावीस वर्षे त्यांनी वाट पाहिली! पुण्यातल्या वाड्यावाड्यांत त्या काळी अशी वाट पाहणाऱ्या किती असतील, त्यांची नावे कोणत्या बखरीत आली नाहीत. लकडी पूल बांधणाऱ्या सुतारांची, पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सोट ठोकणाऱ्या बेलदारांची आणि दगडमाती वाहणाऱ्या मजुरांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. पुलाला नाव मिळते ते हुकूम देणाऱ्याचे.

आता कोणी विचारील, पुण्याच्या पेशव्यांचा आणि आपल्या केळापूर तालुक्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. ज्या पेशवाईने १७६१ साली हा पूल बांधला, त्या पेशवाईचा शेवट आपल्याच मातीत आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करावी म्हणून बाजीराव चांद्याच्या रोखाने आले, आणि १७ एप्रिल १८१८ रोजी आपल्या पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अॅडम्सच्या फौजेने त्यांना गाठले. तिथे त्यांच्या सैन्याची दाणादाण झाली. पुढे दीड महिन्यात, ३ जून १८१८ रोजी, ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि बिठूरला गेले. केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला आपण ज्या शिवारातून जातो, त्याच्या आसपास पेशवाईची अखेरची धावपळ झाली हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. म्हणून इथे सांगितले.

राज्य बदलले, पण नदी तीच होती आणि तिचे पूरही तेच होते. लाकडी पूल पुरापुढे टिकला नाही. इंग्रजी अमलात, १८४० ते १८५० ह्या दशकात, त्याच जागी दगडी कमानींचा पूल बांधण्यात आला. लाकूड गेले, दगड आला. नाव मात्र लोकांनी जुनेच ठेवले.

दगडी कमान हा काय प्रकार आहे, हे एकदा समजून घेण्यासारखे आहे. लाकडाची तुळई दोन खांबांवर आडवी टाकली की वरचा भार तिला मधोमध वाकवतो. दगड वाकत नाही. त्याला वाकवायला गेले तर तो तुटतो. पण दगडाला दाबले तर तो हू की चू करीत नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी युक्ती केली. कलिंगडाच्या फोडी वरून रुंद आणि खाली निमुळत्या असतात, तसे दगड घडवायचे आणि ते अर्धगोलात एकाला एक टेकवून लावायचे. वरून जितका भार यावा तितके ते दगड एकमेकांत अधिक घट्ट बसतात आणि भार बाजूच्या खांबांवर, तिथून पायात आणि जमिनीत उतरतो. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड बसला की कमान पुरी झाली. पण तो बसेपर्यंत बाकीचे दगड अधांतरी कसे राहणार? त्यासाठी आधी कमानीच्या आकाराचा लाकडी सांगाडा उभा करतात, त्याच्यावर दगड रचतात, चुना आळला की सांगाडा काढून घेतात. म्हणजे दगडी पूलही जन्माच्या वेळी लाकडावरच उभा असतो. ह्या अर्थाने पाहिले तर लकडी पुलाचे नाव अगदीच खोटे नाही!

त्या काळी सिमेंट नव्हते. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करीत, तो पाण्यात विझवीत, त्यात वाळू किंवा विटांची भुकटी घालून घाणीत दळीत. गोल खड्ड्यात दगडी चाक आणि ते फिरवायला बैल. तेलाच्या घाणीसारखीच ही चुन्याची घाणी. जुन्या बांधकामांत चुन्यात गूळ, बेलफळाचे पाणी, हिरड्याचे पाणी मिसळण्याचीही चाल होती. चुना सिमेंटासारखा एका दिवसात घट्ट होत नाही. तो वर्षानुवर्षे हळूहळू दगडासारखा होत जातो, आणि थोडी हालचाल झाली तरी एकदम तडकत नाही. सावकाश मुरलेले लोणचे जसे टिकते तसेच हे.

पुलाचे खांब पाहिले तर वरच्या अंगाला, जिकडून पाणी येते तिकडे, ते निमुळते केलेले असतात. नाव जशी पाणी कापते तसे त्या टोकाने पाणी दोन्हीकडे फाकते. तरीही पुलाला खरा धोका वरून नसतो, खालून असतो. नदीत उभे राहिलो की तळपायाखालची वाळू सरकते आणि पाय खोल जातो, हा अनुभव सर्वांना आहे. खांबाच्या पायाशी पाणी तसेच भोवरे करते आणि तळ पोखरते. वरून पूल धडधाकट दिसतो, आणि पायाखाली पोकळी झालेली असते.

पुढे मुठेवर आणि मुळेवर आणखी पूल झाले. बंड गार्डनजवळचा फिट्झजेराल्ड पूल १८६९ सालचा. शनिवारवाड्याजवळचा, ज्याला पुणेकर नवा पूल म्हणतात, तो १९२३ साली खुला झाला. तेव्हा त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉईड ह्यांचे नाव होते. आता तो शिवाजी पूल आहे. शंभर वर्षे होऊन गेली तरी लोकांच्या तोंडी तो ‘नवा’च आहे. एक पूल दगडी असून लकडी, दुसरा शंभरी ओलांडून नवा! पुणेकरांचे सगळेच निराळे.

अर्थात, ही नावाची मौज पुण्यातच आहे असे नाही. आपल्या गावावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद रस्त्याने पैनगंगा ओलांडून खाली गेले की हैदराबादेतही ‘लकडी का पूल’ नावाचा भाग आहे. औषधोपचारासाठी हैदराबादेला जाणाऱ्यांच्या तोंडी हे नाव असते. तिथेही आता लाकूड शोधून सापडायचे नाही. त्याच हैदराबादेत मुसी नदीवर १५७८ साली कुतुबशाहीत बांधलेला पुराना पूल आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला महापूर आला, हजारो माणसे गेली, आणि त्यानंतर शहर वाचवण्यासाठी वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव बांधण्यात आले. आपला वऱ्हाड पूर्वी निजामाच्या राज्यात होता, तेव्हा मुसीचा पूर हाही आपल्याला अगदी परका नव्हे. हैदराबादेच्या लोकांनी धरणे बांधून नदीला आवर घातला. पुण्याला मात्र १९६१ साली धरणच फुटून पूर आला, आणि तो लकडी पुलावरूनच गेला.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानिपताच्या सालाला बरोबर दोनशे वर्षे झाली होती. मुठेच्या खोऱ्यात, आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे मोठे धरण बांधणे चालू होते. काम पुरते झालेले नव्हते. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याची जी मोरी, तिचेच काम अपुरे होते. तरीही त्या पावसाळ्याचे पाणी अडवले गेले. पाऊस मुसळधार झाला, धरण भरत चालले, आणि मोरीच्या वरचा मातीचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात मातीची पोती रचून रचून धरणाचा माथा सावरून धरला. धरण त्यांना वाचवता आले नाही, पण त्यांनी रात्र निभावून नेली. धरण फुटले ते सकाळी. तेच जर मध्यरात्री फुटते, तर झोपलेल्या पुण्याचे काय झाले असते ह्याचा विचारही करवत नाही. त्या जवानांचे उपकार पुणे विसरलेले नाही आणि आपणही विसरू नये.

पानशेतचे पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळले. एकोणिसाव्या शतकात बांधलेले ते धरण काही तास टिकले आणि दुपारी तेही फुटले. मग दोन्ही धरणांचे पाणी पुण्यात शिरले. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन जिमखान्याचा भाग, नदीकाठच्या साऱ्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. लकडी पूल दिसेनासा झाला. त्याच्यावरून पाणी वाहू लागले. नव्या पुलाचीही तीच गत झाली. कमानींचे पूल नेहमीच्या पुराला पुरे पडतात. पण असा लोंढा आला, आणि त्याच्याबरोबर झाडे, वासे, छपरे येऊन कमानींची तोंडे बुजली, की पाण्याला जायला वाट राहत नाही आणि ते पुलावरून आणि बाजूच्या गल्ल्यांतून वाट काढते.

पुण्यातले जुने वाडे कच्च्या विटांचे आणि मातीच्या भिंतींचे होते. पाणी लागले तशा भिंती विरघळल्या आणि वाडे बसले. माणसे गेली, गुरे गेली. जी वाचली त्यांचे संसार गेले. संसार जाणे म्हणजे काय, ते पुरुषमाणूस रुपयांत सांगतो. बाई सांगते ती वेगळ्या रीतीने. वर्षाचे धान्य, मुरंबा-लोणच्याच्या बरण्या, लेकीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी, सासूबाईंनी दिलेले लुगडे, देव्हाऱ्यातले टाक, मुलांची दप्तरे, गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो. ह्यांतले काही बाजारात पुन्हा विकत मिळते, काही मिळत नाही.

पुराने आणखी एक विपरीत केले. पुण्याच्या नळांना पाणी खडकवासल्याहून येई. तेच धरण फुटल्यामुळे, काल ज्या शहरात छपरापर्यंत पाणी होते त्या शहराला आज प्यायला पाणी राहिले नाही. तेव्हा जुन्या विहिरी आणि कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी आणलेल्या पाण्याचे जुने हौद लोकांच्या कामी आले. ती कात्रजच्या पाण्याची योजना कोणाची? ज्यांनी लकडी पूल बांधला त्याच नानासाहेबांची! दोनशे वर्षांपूर्वी केलेल्या कामाने दोनशे वर्षांनी तहानलेल्यांना पाणी पाजले. ह्याहून मोठे पुण्य कोणते असेल?

महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. गावोगावहून मदत आली. निराश्रितांसाठी अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि पुढे गोखलेनगरासारख्या नव्या वसाहती झाल्या. पानशेतचे धरण पुन्हा बांधले गेले, खडकवासल्याचेही. लकडी पुलावरून रहदारी पुन्हा सुरू झाली. आज त्याच्या एका टोकाला डेक्कन जिमखाना आणि दुसऱ्या टोकाला अलका टॉकीजचा चौक आहे. गणेशविसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने ह्याच चौकापाशी येते, आणि आता मेट्रोचा उंच मार्ग पुलाच्या वरून आडवा गेला आहे. पुलावर उभे राहिले तर खाली नदी, पायाखाली इंग्रजी काळचा दगड, तोंडात पेशव्यांच्या काळचे नाव आणि डोक्यावर आजची गाडी, असा अडीचशे वर्षांचा पसारा एका ठिकाणी दिसतो.

आता ह्या सगळ्यातून आपण काय घ्यावे? मला वाटते ते असे. पूल एकदा बांधून संपत नाही. लाकडाचा गेला तेव्हा दगडाचा बांधावा लागला, पुरानंतर पुन्हा सावरावा लागला, आणि पुढेही प्रत्येक पिढीला तो राखावा लागेल. दुसरे असे की नदीपेक्षा माणसाची हयगय अधिक घात करते. १९६१ चा पूर आभाळातून आला नाही. तो अपुऱ्या कामातून आला. तिसरे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. कोकणात महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, भर पुरात आणि काळोखात, तो कोसळला. दोन एस. टी. गाड्या आणि काही लहान वाहने प्रवाशांसह नदीत गेली. रात्रीच्या गाडीने नेहमीसारखी निघालेली माणसे. घरी कोणीतरी त्यांच्यासाठी सकाळचा चहा ठेवण्याच्या तयारीत असेल. पुढे तिथे नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. मनात आणले तर काम किती झपाट्याने होते ते त्यावरून दिसते. ते माणसे गेल्यावर व्हावे, ह्याचेच वाईट वाटते.

आपल्याकडे मुठा नाही, सावित्री नाही. पण खुनी नदी आहे, पैनगंगा आहे, आणि प्रत्येक गावाच्या वाटेवर एखादा नाला आणि त्याच्यावर एखादा रपटा आहे. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेले की पोरांची शाळा बुडते, दवाखान्यात न्यायची बाळंतीण अलीकडेच राहते, आणि घाई करणारा एखादा गडी मोटारसायकलसकट वाहून जातो. ह्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, हळहळतो, आणि कापसाच्या वेचणीला लागलो की विसरतो.

पूल बांधणे आपल्या हाती नाही, पण पुलाकडे पाहणे आपल्या हाती आहे. कठडा मोडला आहे का, दगडांच्या सांध्यांत पिंपळ-वड रुजले आहेत का, खांबाच्या पायाशी खड्डा पडला आहे का, पुलालगतची वाळू कोणी उपसून नेत आहे का, मोऱ्यांच्या तोंडाशी काडीकचरा साचला आहे का, हे पाहायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. सांध्यात रुजलेले बोटभर पिंपळाचे रोप पुढे दगड फोडून काढते. घराच्या भिंतीत ते उगवले तर आपण लगेच उपटून टाकतो; पुलावर उगवले तर वाकून बघतही नाही, कारण पूल कोणाच्याच घरचा नसतो. खरे म्हणजे तो सगळ्यांच्याच घरचा असतो.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. दरवर्षी मृग लागण्याआधी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, मंडळातल्या चार-पाच जणींनी आपापल्या वाटेवरचे पूल, रपटे आणि मोऱ्या पाहून याव्यात. जे दिसले ते मंडळाच्या वहीत तारखेनिशी लिहावे. त्याची एक नक्कल ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला आणि एक बांधकाम खात्याला द्यावी, आणि पोच घेऊन ती वहीत चिकटवावी. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या मध्ये, पुन्हा एकदा पाहावे. ह्याला पैसा लागत नाही. हळदीकुंकवाला जितका वेळ जातो तितकाही जाणार नाही. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, तारखेनिशी लिहिलेला कागद राहतो. आणि दहा वर्षांनी ती वही म्हणजेच आपल्या भागाच्या पुलांचा इतिहास होईल.

लकडी पुलाच्या सुतारांची आणि बेलदारांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या वहीत मात्र पाहणी करणाऱ्या प्रत्येकीचे नाव असावे. येत्या वर्षी मंडळाच्या कार्यात आपण सर्वजणी हे एवढे काम जोडू या, आणि श्रीजगदंबेच्या कृपेने आपल्या वाटेवरून गेलेले प्रत्येक माणूस पावसाळ्यातही सुखरूप घरी परत येवो, हीच प्रार्थना.